पाकिटावर दुकानाचंच नाव असलं तर काय बिघडलं?

पाहुणे आले की बऱ्याच घरांत एक गंमत चालते. शेव-चिवड्याचं पाकीट नावाजलेल्या कंपनीचं असेल तर ते ऐटीत टीपॉयवर येतं. मॉलच्या स्वतःच्या नावाचं असेल तर ओट्यावरच बशीत रिकामं होतं आणि पाकीट कचऱ्यात तळाशी जातं. उगाच नाही म्हणू नका.

मी हल्ली हे लपवणं सोडून दिलंय. डीमार्टमध्ये शिरले की किराण्याच्या रांगेत माझा हात आधी प्रीमियाकडे, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या नावाच्या मालाकडे जातो. तूरडाळ, काबुली चणे, बदाम तिथलेच. डाळीचं पाकीट उभं धरून दोनदा आपटायचं आणि तळाशी चुरा किती बसतो ते बघायचं. चुरा जास्त असेल तर ते परत ठेवून मागचं काढायचं. वरणाला ही डाळ छान मिळून येते, याहून जास्त मला तिच्याकडून काही नको. पोरांच्या नूडल्स रिलायन्सच्या स्नॅकटॅकच्या. मसाल्याची पुडी निम्मीच घालते, वर कांदा, गाजर, मटार. ताटली रिकामी होईपर्यंत कुणी कंपनीचं नाव विचारत नाही.

"स्वस्त म्हणजे हलकंच असणार," हे वाक्य ऐकून कान किटले. अहो, स्वस्त का, ते तरी बघा. टीव्हीवर नटनट्या नाचवायचा खर्च नाही, मधले वितरक कमी, आणि माल ठेवायचा तो आपल्याच फळीवर. बनवणारा बहुतेक वेळा तिसराच असतो. पाकीट उलटं करा, उत्पादक वेगळा आणि विकणारा वेगळा छापलेला दिसेल. तिथेच बारीक अक्षरात ग्रॅमचा किंवा किलोचा दरही असतो. दहा रुपयांच्या पाकिटाचं वजन कसं गुपचूप घटत जातं, ते हा दर लगेच सांगतो.

आणि आपल्याला हे नवीन आहे का? माझी आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या गटात होती. १९७५ पासूनची संस्था. महिन्याचं सामान एकीच्या घरी उतरायचं आणि बायका खोलीभर पसरून यादीप्रमाणे वाटणी करायच्या. त्या डाळ-तांदळाची कुठे जाहिरात नव्हती, 'पंचायतीचं आहे' एवढं पुरायचं. फरक इतकाच, की तिथे सगळा कारभार ग्राहकांच्याच हातात, आणि डीमार्ट ही शेअर बाजारातली कंपनी. म्हणून भाबडेपणा नको. अशाच एका दुकानांच्या साखळीचा टोमॅटो सॉस मी हौसेने आणला होता, तो नुसता गोड पाक निघाला. भज्यांबरोबर कुणी हात लावेना.

खरी गोची वेगळीच आहे. दुकान गेलं की त्याच्याबरोबर आपल्या तोंडात बसलेली चवही जाते. बिग बझारचं टेस्टी ट्रीट आठवतंय? २६ जानेवारीच्या 'सबसे सस्ता दिन'च्या गर्दीत ट्रॉलीत आधी पडायची ती त्यांची भुजिया. २०२२ मध्ये बिग बझारला कुलूप लागलं, बऱ्याच जागी रिलायन्सचं स्मार्ट बझार आलं. ट्रॉल्या तशाच, गर्दी तशीच, ती भुजिया मात्र फळीवर नाही. मोठ्या कंपनीचा माल कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळतो. हा दुकानाचा माल दुसरीकडे शोधायचा तरी कुठे?

बाकी माझीही दोन सोवळी आहेत. चहाची पावडर आमच्याकडे बदलत नाही, सकाळी सकाळी घरात भांडण नको. आणि गोडा मसाला आम्ही वर्षाचा घरीच करतो. तो उद्या एखाद्या साखळीने माझा फोटो छापून विकायला काढला, तरी मी घेणार नाही.