हातचं सोडून पळत्याच्या पाठी

ऑगस्ट उजाडला, शाळांच्या सरावाला सुरुवात झाली, की अमेरिकन फुटबॉलबद्दलचा एक ठरलेला मजकूर फिरायला लागतो. इथे ओहायोत ज्यांची पोरं हेल्मेट घालून मैदानात उतरतात, त्या मराठी आईबापांच्या ग्रुपवरही तो यंदा तीनदा येऊन गेला. शब्द थोडे बदलतात, सूर तोच असतो. किकऑफ परतवायला मागे कोणाला उभं करायचं, यात डोकं खाजवण्यासारखं काय आहे? चाळीस यार्ड सगळ्यात कमी वेळात पळणारा पोरगा घ्या. पंट परतवतो तोच किकऑफही परतवेल. शंका वाटली तर सरासरी बघा. मुख्य खेळाडूला या कामाला कधीही जुंपू नका. आणि हल्ली सगळे टचबॅकच होतात, तेव्हा फार मनावर घेऊ नका.

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. त्याच्याकडे येईनच.

खेळाशी ओळख नसणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: सामन्याच्या वा अर्ध्या डावाच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गुणानंतर एक संघ चेंडू लाथेने समोरच्याकडे उडवतो, हा किकऑफ. समोरच्याने तो पकडून जितकं पुढे पळता येईल तितकं पळायचं. जिथे पाडला जाईल तिथून त्याच्या संघाची चढाई सुरू. हा पकडून पळणारा म्हणजे रिटर्नर. तो समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे पोचला की टचडाउन. किक गोलरेषेमागच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, गेली आणि परतवली नाही, तर ठरलेल्या रेषेवरून चढाई सुरू होते, तो टचबॅक. आणि चढाई अडली की चेंडू उंच लाथाडून समोरच्याला देऊन टाकतात, तो पंट.

आता पहिला आणि सगळ्यात लाडका मुद्दा, वेगाचा. चाळीस यार्डांची शर्यत पोरं पळतात ती अर्ध्या चड्डीत, सरळ रेषेत, हातात चेंडू नसताना आणि समोरून कोणी अंगावर येत नसताना. पूर्ण वेगात पळणारा खेळाडू सेकंदाच्या एक-दशांशात साधारण एक यार्ड कापतो. म्हणजे ४.४ सेकंदवाला आणि ४.५५वाला यांच्यात चाळीस यार्डांच्या शेवटी जेमतेम दीड यार्डाचं अंतर पडतं. चेंडू पकडताना एक पाऊल मागे गेलं, किंवा डावीकडे की उजवीकडे या विचारात क्षणभर अडखळायला झालं, की ते दीड यार्ड तिथेच संपले. स्टॉपवॉचवर कमावलेलं पहिल्याच पावलात गमावलं.

उदाहरणासाठी लांब जायला नको, आमच्याच राज्यातलं केंट स्टेट विद्यापीठ घ्या. तिथून दोन रिटर्नर एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गेले. ड्री आर्चरने २०१४च्या चाचणीत चाळीस यार्ड ४.२६ सेकंदांत काढले. त्या वर्षी त्याच्याहून वेगवान कोणी नव्हतं. पिट्सबर्ग स्टीलर्सनी त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, तिसऱ्या फेरीत उचललं, मुख्यतः या वेगापायीच. कॉलेजात त्यानं किकऑफ परतवून टचडाउन केलेही होते, त्यामुळे निवड वेडेपणाची म्हणता येणार नाही. पण वरच्या पातळीवर त्याला एकही जमला नाही. दुसऱ्याच हंगामात, नोव्हेंबर २०१५मध्ये, त्याला सोडून संघानं जेकोबी जोन्सला घेतलं. जोन्स तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

दुसरा जॉश क्रिब्स. हा कॉलेजात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन चढाई चालवणारा, होता. २००५च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच घेतलं नाही. क्लीव्हलंड ब्राउन्सनी फुकटात मिळालेला खेळाडू म्हणून ठेवून घेतला आणि त्यानं कारकिर्दीत किकऑफ परतवून आठ टचडाउन केले. २० डिसेंबर २००९ला कॅन्सस सिटीविरुद्ध एकाच सामन्यात दोन, एक १०० यार्डांचा, दुसरा १०३चा. हे काही अंगात वारं भरल्यामुळे झालं नाही. जो माणूस चार वर्षं समोरच्या अकरा जणांची मांडणी वाचून निर्णय घेत आला, त्याला फट उघडण्याआधी ती कुठे उघडेल हे कळतं. आर्चर त्याच्याआधी तिथे पोचला असता हे खरं, पण तेव्हा फट उघडलेलीच नसती.

वेगाच्या आधी हात. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. पंट कोणी पकडलाच नाही तर निदान चेंडू आपलाच राहतो. किकऑफचं तसं नाही. दहा यार्ड ओलांडले की तो चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. रिटर्नरच्या हातून निसटला आणि मागे टप्पे खात गेला, तर समोरचा संघ त्यावर झेप घेतो आणि तुमची चढाई सुरू होण्याआधीच संपते. शिवाय अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबुळका. सरावात यंत्रातून येणारा चेंडू छान फिरकी घेत, आज्ञाधारकपणे छातीवर येतो. माणसाने मारलेला गडगडत, टोकावरून टोकावर उलटत येतो, वारा असेल तर शेवटच्या दोन यार्डांत जागा बदलतो. सीमारेषेवर उंच झेल घ्यायला आपण कोणाला ठेवतो, शंभर मीटरच्या विजेत्याला की ज्याच्या हातून चेंडू सुटत नाही त्याला? गल्ली क्रिकेट खेळलेल्या माणसानं तरी हा प्रश्न विचारू नये.

माझं ऐकाल तर निवड अशी करा. यंत्र बंद, खऱ्या किकरकडून प्रत्येकाला वीस किका. त्यातल्या पाच सूर्य डोळ्यांवर असताना, पाच चेंडू ओला करून. बघायचं चेंडूकडे नाही, पोराच्या पायांकडे. चेंडू येण्याआधी तो थोडा मागे राहून, मग पुढे येत पकडतो का? की थांबून, टाचांवर, पाठीमागे झुकून? पहिल्याचा वेग पकडतानाच तयार असतो. दुसऱ्याला शून्यातून सुरुवात करावी लागते, मग चाळीस यार्डांचा त्याचा आकडा काही का असेना.

पंट आणि किकऑफ एकाच माणसाला द्यायचा मुद्दा वरवर सोयीचा वाटतो. पण ही दोन वेगळी कामं आहेत. पंट उंच जातो, आणि तो खाली येईपर्यंत समोरचे दोघे-तिघे नाकासमोर येऊन ठेपलेले असतात. आभाळाकडे बघत, त्यांची पावलं ऐकत, पकडायचा की हात वर करून नुसता झेल घ्यायचा की सोडून द्यायचा हे ठरवायचं. मग दोन फूट जागेत अंग वळवायचं. किकऑफला पळायला मोकळी जागा आधी मिळते. तिथे पूर्ण वेग घेऊन एकदाच वळायचं आणि मागे न बघता घुसायचं. डेव्हिन हेस्टर, निव्वळ परतवण्याच्या जोरावर २०२४मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला खेळाडू, याचे आकडे बघा: पंटवर १४ टचडाउन, किकऑफवर ५. त्या पाचांत २००७च्या सुपर बोलमधला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यातला, पहिल्याच किकवरचा ९२ यार्डांचा धरलेला नाही. तो सगळ्यांना पाठ आहे म्हणून लोक त्याला किकऑफचा बादशहा समजतात. किकऑफवरचा विक्रम खरं तर कॉर्डरेल पॅटरसनचा, ९ टचडाउन. सहा फूट दोन इंचांचा दणकट गडी. पंटवर त्याच्या नावावर एकही नाही. ज्याला लहान जागेत नाचता येतं आणि ज्याला अंगावर आलेल्याला झुगारून पुढे जाता येतं, ती दोन माणसं एकच असतील असं गृहीत का धरायचं?

सरासरीचं थोडक्यात. समजा एका पोराने पाच किका परतवल्या: १००, १८, १९, १७, १६ यार्ड. दुसऱ्याने २९, ३१, ३०, २८, ३२. पहिल्याची सरासरी ३४, दुसऱ्याची ३०. यादीत पहिला वर. पण पाचपैकी चार वेळा त्याने आपल्या संघाला अडचणीत टाकलंय. पाच-सात किकांवरून काढलेली सरासरी म्हणजे एका चांगल्या दिवसाची आठवण, एवढंच. बघायचा तो मधला आकडा, आणि चेंडू कुठे पकडला हेही. गोलरेषेवरून परतवलेले पंचवीस आणि पंधराव्या यार्डावरून परतवलेले पंचवीस एक नव्हेत.

आता ते अर्धं खरं वाक्य, मुख्य खेळाडूला वाचवण्याचं. १९९८च्या हंगामाआधी न्यूयॉर्क जायंट्सनी आपला सर्वोत्तम कॉर्नरबॅक (बचावातला खेळाडू) जेसन सीहॉर्न याला सरावसामन्यात पहिलीच किक परतवायला लावलं आणि त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. अख्खा हंगाम गेला. ही गोष्ट प्रत्येक प्रशिक्षकाच्या मनात घर करून बसलीय, आणि बसायलाच हवी. पण “कधीही नाही” हा नियम त्यातून निघत नाही. निघतो तो एवढाच, की सरावसामन्यात नाही, वीस गुणांनी पुढे असताना नाही. चार मिनिटं उरलीत, चार गुणांनी मागे आहात, आणि तुमचा सर्वात भरवशाचा रिटर्नर हाच तुमचा मुख्य धावपटू आहे, तर त्याला बाकावर बसवून वाचवायचं कशासाठी, पुढच्या आठवड्यासाठी? शाळेच्या संघात तर अठरा-वीस पोरांत प्रत्येक जण दोन-दोन जागा खेळतो. तिथे “मुख्य खेळाडू” वेगळा काढायचा तरी कसा?

आणि टचबॅक. २०२३पर्यंत हे म्हणणं बरोबर होतं, मान्य. त्या हंगामात एनएफएलमध्ये जेमतेम २२ टक्के किकऑफ परतवले गेले. हंगामाअखेरच्या सुपर बोलमध्ये तर तेराच्या तेरा किका कोणी परतवल्याच नाहीत. म्हणूनच तर २०२४मध्ये नियम मुळापासून बदलला. किकर एकटा आपल्या ३५ यार्डांवर. त्याचे बाकीचे दहा जण समोरच्यांच्या ४० यार्डांच्या रेषेवर, आणि त्यांच्यापासून पाच यार्डांवर समोरचे ब्लॉकर, म्हणजे रिटर्नरसाठी वाट मोकळी करणारे. चेंडू जमिनीला किंवा रिटर्नरला लागेपर्यंत या दोन्ही रांगांनी हलायचं नाही. गोलरेषा ते २० यार्ड या पट्ट्यात चेंडू पडला तर तो खेळावाच लागतो. वरून थेट एंड झोनमध्ये गेला तर २०२४मध्ये ३०वर टचबॅक मिळे, आता २०२५पासून ३५वर. एवढी जागा फुकट द्यायला कोणता किकर तयार होईल? पहिल्या वर्षी परतवण्याचं प्रमाण तेहतीस टक्क्यांच्या घरात गेलं, आणि ३५चा नियम आल्यावर परतवणं हीच रीत झाली. वर किकर आता मुद्दाम खालून, डुगडुगत जाणाऱ्या, वेड्यावाकड्या टप्प्याच्या किका मारायला लागलेत. पुन्हा हातांचाच प्रश्न.

नव्या मांडणीत काम कोणाचं सोपं झालं तेही बघण्यासारखं आहे. समोरचे पन्नास यार्ड धावत येत नाहीत, पाच यार्डांवरून भिडतात. म्हणजे फट लहान आणि ती लगेच उघडून लगेच मिटणार. हे चित्र रनिंग बॅकला, म्हणजे चढाईत चेंडू घेऊन घुसणाऱ्याला, रोजचं. या नियमाखाली परतवलेला पहिला टचडाउन ८ सप्टेंबर २०२४ला ॲरिझोनाच्या डीजे डॅलसनं बफेलोविरुद्ध केला, ९६ यार्ड. रनिंग बॅक. ड्राफ्टच्या चाचणीत त्याचे चाळीस यार्ड ४.५८ सेकंदांत झाले होते. ग्रुपवरच्या मजकुरानुसार तो यादीत आलाच नसता.

शाळांना हा नवा नियम लागू नाही. तिथे किक ४० यार्डांवरून मारतात आणि चेंडूनं गोलरेषा ओलांडली की तो मेला, वीस यार्डांवरून खेळ सुरू. त्यामुळे पोरं दहाव्या यार्डाच्या आसपास उभी असतात. पण चौदा-पंधरा वर्षांचे किकर तिथवर क्वचित पोचतात. चेंडू येतो तो बहुधा आखूड, दुसऱ्या फळीतल्या एखाद्या जाड्या ब्लॉकरच्या पायाशी. त्याला चेंडूवर नुसतं पडून राहायला शिकवलंय का, हे आधी बघा.

राहता राहिला तो सगळ्यात वेगवान पोरगा. त्याला बसवून ठेवा असं कोण म्हणतंय! आपण पंट मारतो तेव्हा त्याला कडेला टोकाला उभा करा. तिथे चेंडू पकडायचा नसतो, फट वाचायची नसते. समोरचा रिटर्नर आभाळाकडे बघत असताना त्याच्या नाकासमोर सगळ्यांच्या आधी पोचायचं, एवढंच.