‘डॉक्टरच डॉक्टरांना सोडतात’: आत्याच्या फॉरवर्डला उत्तर

आत्याने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, “हे तुझंच काम ना गं?” नाशिकच्या निम्म्या ग्रुपांवरून फिरून आलेला मेसेज होता तो: “डॉक्टरने चूक केली? म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठात अर्ज टाका, डिग्री रद्द होते. मेडिकल कौन्सिलच्या नादी लागू नका, तिथे कुंपणच शेत खातं. डॉक्टरांचे वकील केस पेपर बदलून घेतात. सरळ एफआयआर करा, डॉक्टर आत जातो आणि भरपाईही मिळते.”

हो आत्या, माझंच काम. कौन्सिलची नोटीस आलेल्या डॉक्टरांच्या बाजूने मी वकील म्हणून उभी राहते.

म्हसरूळचं आधी उरकते. विद्यापीठ 1998 पासून आपल्याच गावात आहे म्हणून लोकांना ते जवळचं वाटतं. पण त्याचं काम अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवीपर्यंत. डॉक्टर प्रॅक्टिस करतो ती कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव असतं म्हणून. नोंदणी निलंबित झाली की पदवी भिंतीवर तशीच लटकते आणि दवाखाना बंद. कौन्सिलही सगळ्यांचं एक नाही. एमबीबीएस, एमडी, एमएस असेल तर मुंबईचं महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. बीएएमएस, होमिओपॅथ, डेंटिस्ट आणि सिस्टर यांची कौन्सिलं वेगवेगळी. हॉस्पिटलच्या नोंदणीचा विषय असेल तर शहरात महापालिका. पाटीवरची डिग्री नीट न वाचल्याने भलत्याच दारात गेलेले अर्ज मी पाहिलेत.

कुंपण शेत खातं, यात थोडं तथ्य आहे. निवाडा करायला डॉक्टरच बसतात. डॉक्टरांच्या वर्तनाच्या 2002 च्या नियमावलीत सहा महिन्यांत निर्णय द्या असं लिहिलंय, आणि पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईच्या तारखांना जाता-येता सहा महिने कधी उलटतात ते कळत नाही. मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. नॅशनल मेडिकल कमिशनच्या 2019 च्या कायद्यात कौन्सिलच्या निर्णयावर अपील करायची सोय डॉक्टरला दिली आहे. तक्रारदाराचं नाव त्या कलमात नाही. मी डॉक्टरांची वकील असूनही हे मला बरोबर वाटत नाही.

पण ‘सोडतात’ म्हणणाऱ्यांनी प्रश्न काय असतो तेही बघावं. पेशंट दगावला किंवा ऑपरेशन फसलं, एवढ्याने गैरवर्तन सिद्ध होत नाही. त्याच शिक्षणाच्या दुसऱ्या सामान्य डॉक्टरने त्या वेळी काय केलं असतं, ते बघतात. आणि डॉक्टर अडकतो तो पुष्कळदा कात्रीमुळे नव्हे, कागदामुळे: खोटं सर्टिफिकेट, जाहिरातबाजी, मागूनही न दिलेले पेपर, धड न घेतलेली संमती. संमतीवर सुप्रीम कोर्टाचा 2008 चा निकाल मी प्रत्येक नव्या अशिलाला ऐकवते. दुर्बिणीतून तपासणीला बाईंनी संमती दिली होती. त्या भुलेत असताना बाहेर बसलेल्या आईला विचारून गर्भाशय काढलं. आईचा होकार चालत नाही, कोर्टाने ठणकावलं. जिवावरचा प्रसंग असता तर गोष्ट वेगळी.

आता ‘वकील पेपर बदलून घेतात’. याचा मला राग आला, म्हणून एक किस्सा, ओळख पटू नये इतपत बदलून. शहरातले एक सर्जन समोर बसलेले. फाइलमध्ये रात्री दोनच्या व्हिजिटची नोंदच नाही. पेनाचं टोपण काढत म्हणाले, “मॅडम, एकच ओळ. मी खरंच गेलो होतो हो.” मी फाइल माझ्याकडे ओढून घेतली आणि तक्रारीसोबतचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्याच पानाचा फोटो, डिस्चार्जच्या दिवशी पेशंटच्या मुलाने मोबाइलवर काढलेला. ती जागा त्यात कोरी दिसत होती. ओळ घातली असती तर उपचारांचं बाजूला राहून खोट्या नोंदीचंच प्रकरण झालं असतं. आम्ही उत्तरात सरळ लिहिलं: तपासलं, नोंद करायची राहिली. सिस्टरच्या चार्टवर 2.15 ला दिलेल्या इंजेक्शनची सही होती, ती जोडली. उपचारांत दोष निघाला नाही, नोंदीबद्दल ताकीद मिळाली. ताकीद लागली म्हणून डॉक्टर माझ्यावरच रुसले! आणि वकील लावणं म्हणजे चोरवाट नव्हे. स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणं मांडायचा हक्क त्याच नियमावलीत आहे.

एफआयआरचं म्हणाल, तर सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर ठाण्यात गेलं आणि डॉक्टर आत, असं होत नाही. पोलिसांनी आधी त्रयस्थ डॉक्टरचं मत घ्यायचं असतं, शक्यतो सरकारी. हलगर्जीपणाही साधासुधा नव्हे, फार गंभीर लागतो. मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भरपाईसाठी हे दार नाही. कौन्सिलही रुपया देत नाही. ताकीद देतं, निलंबित करतं किंवा नाव काढून टाकतं, बस. पैशांसाठी ग्राहक आयोग, आणि तिथे मुदत दोन वर्षांची. कौन्सिलचा निकाल लागू दे, मग बघू, म्हणत बसलेल्यांची मुदत टळून जाते.

आत्याच्या शेजारणीचाही वेळ असाच चाललाय. पेपर तोंडी मागितले, काउंटरवरून ‘उद्या या’ ऐकून परत आल्या. आत्या, त्यांना लेखी अर्ज द्यायला सांग आणि झेरॉक्सवर पोच घ्यायला सांग. 72 तासांत पेपर द्यावे लागतात. आणि ते मिळाले की मला फोटो पाठवू नकोस. उद्या त्या डॉक्टरांचा फोन माझ्याकडेच आला तर?