जत्रेत पुस्तकं विकणाऱ्या बाईचं म्हणणं

मुलांसाठी लिहिणाऱ्या बाईने जत्रेत फळी टाकून स्वतःची पुस्तकं विकावीत का, ते शोभतं का, यावर आमच्या घरात, मैत्रिणींत आणि एका प्रकाशक मित्राशी इतकं बोलून झालंय की आता एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हीच लिंक पाठवून देता येईल. पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते.

माझं म्हणणं साधं आहे. मुलाच्या हातात स्वतःचे पैसे आहेत, त्याचा हिशोब कोणी मागणार नाही आणि समोर पुस्तक आहे, असं गावच्या जत्रेत होऊ शकतं. पुण्यात होत नाही. बाकी सगळे मुद्दे याच्यानंतर.

पुण्यात का होत नाही ते सांगते. फर्ग्युसनच्या ग्राउंडवर 2023 पासून डिसेंबरात पुस्तक महोत्सव भरतो, मी जाते, मला आवडतो, गर्दी बघून बरं वाटतं. पण मुलांच्या पुस्तकांच्या स्टॉलवर अर्धा तास नुसतं उभं राहून बघा. मूल एक पुस्तक उचलतं. आई ते हातातून घेते, उलटं करून किंमत बघते, मग पानं किती ते बघते, मग विचारते यातून काय शिकायला मिळेल. आता मी काय सांगू, एक म्हैस रुसते आणि गोठ्यातून निघून जाते अशी गोष्ट आहे, यातून म्हैस रुसू शकते हे शिकायला मिळेल. ती कसनुसं हसते आणि पुस्तक खाली ठेवते, आणि मूल एव्हाना डायनोसॉरपाशी पोचलेलं असतं. तिची चूक काही नाही, पैसे तिचे आहेत, वर मुलगा इंग्लिश मीडियमला, मराठी वाचेल की नाही याचीच तिला धाकधूक. पण याचा परिणाम असा झालाय की आम्ही सगळे लेखक हळूहळू आयांसाठीच लिहायला लागलोय. दात घासा, झाडं लावा, खोटं बोलू नका, मोबाईल कमी बघा. गिऱ्हाईक जसं तसा माल, त्यात लेखकाला तरी काय दोष द्यायचा.

आता जत्रा. माझं सासर पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं, गावाचं नाव लिहीत नाही कारण दीर यात्रा कमिटीत आहेत आणि आधीच त्यांना माझ्यामुळे ऐकून घ्यावं लागतं. चैत्रात भैरवनाथाची जत्रा असते. मांडवडहाळे, छबिना, बैलगाडा शर्यती, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी, म्हणजे तमाशाचाच दिवसाचा खेळ, आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा, हे साधारण सगळ्या आमच्या भागात असंच. मुंबई-पुण्याला गेलेले सगळे त्या दोन दिवसांत गावात असतात. आणि आत्या, मामा, चुलते, आजोबा, जो येईल तो पोरांच्या हातावर दहा, वीस, पन्नास टेकवतो. हे जत्रेचे पैसे. हे खायचे, उडवायचे, यातनं गॉगल घ्यायचा का पिपाणी घ्यायची हे पोर ठरवणार. वर्षभर ज्या पोराला पेन्सिल मागून घ्यावी लागते ते त्या दिवशी खिशात हात घालून फिरत असतं.

इथे पुस्तक नवीन आहे असंही नाही हं. देवळाच्या बाजूला कायम एक जण असतो, हरिपाठ, आरती संग्रह, व्रतकथा, पंचांग, देवाचं माहात्म्य. आळंदी, जेजुरी, पंढरपूर कुठेही जा, ही पातळ पातळ पुस्तकं असतातच, आणि विकली जातात. एसटी स्टँडवर बिरबलाच्या गोष्टींचं पिवळ्या कागदाचं पुस्तक आपण सगळ्यांनीच घेतलंय. म्हणजे स्वस्त, पातळ, मधे दोन पिना मारलेलं पुस्तक गर्दीत खपतं हे आपल्या लोकांना आधीपासून माहीत होतं, फक्त आम्ही तथाकथित दर्जेदार बालसाहित्यवाले तिथे कधी गेलो नाही. आम्ही तीनशे रुपयाच्या आर्ट पेपरवर गेलो.

किंमतीचं गणित मला त्या फळीवर बसल्यावर नीट कळलं असं म्हणणार नाही, ते आधीच माहीत होतं, पण तिथे ते टोचतं. रंगीत पुस्तक म्हणजे चार रंगांच्या चार प्लेटा, आणि पाचशे प्रती छापा नाहीतर पाच हजार, प्लेटांचा आणि मशीन लावायचा खर्च तोच. त्यामुळे कमी प्रती काढल्या की एका पुस्तकावर तो खर्च इतका बसतो की किंमत शंभराच्या वर जातेच. त्यात विक्रेत्याचं कमिशन तीस-चाळीस टक्के, लेखकाला दहा टक्के मिळाले तरी नशीब. मी जत्रेसाठी वेगळी आवृत्ती काढली, सोळा पानं, दोनच रंग, साधा मॅपलिथो कागद, सेंटर पिन, नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये जास्त प्रती एकदम छापून. किंमत तीस, आणि एक छोटं आठ पानी वीसला. पुस्तकांवर जीएसटी नाही, मधे कमिशन नाही, जागेची पावती फाडली की बाकीचं आपलं. प्रकाशक मित्र म्हणाला तू बाजार खराब करतेस. कुठला बाजार रे? तालुक्याच्या गावाला पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या, गाईडं आणि झेरॉक्स. जून महिन्यात ज्यांना जमतं ते पुण्याला पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात येतात आणि तेही शाळेच्या यादीतलंच घेऊन जातात. जिथे बाजारच नाही तिथे तो खराब काय होणार.

पोस्टाने पाठव म्हणतात काही जण. पाठवते की. जुनं बुकपोस्ट डिसेंबर 2024 मध्ये बंद झालं, मग 2025 च्या मे महिन्यापासून ज्ञान पोस्ट आलं, त्यात 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोला 100. शाळेला गठ्ठा पाठवायला चांगलंच आहे. पण वीस रुपयाच्या पुस्तकाला वीस रुपये पोस्टेज, आणि मागवणार कोण, तिसरीतलं पोर?

तर फळी. पहिल्यांदा मी पुस्तकं प्रदर्शनात मांडतात तशी आडवी रचून बसले होते, पोरं येत होती, बघत होती, जात होती. शेजारी खेळण्यांचा गाडा होता, ते काका सोलापूरकडचे, चैत्र-वैशाख सगळ्या जत्रा करत फिरतात. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, ताई, पोराला फळीवरचं दिसतंय का? दोरी बांधा, लटकवा, त्याच्या तोंडासमोर आलं पाहिजे. वर स्वतःच्या गाड्यावरची दोरी आणि कपड्यांचे चिमटे काढून दिले. मुखपृष्ठ पोराच्या डोळ्यांच्या उंचीला, एवढं साधं, आणि पुण्यात आम्ही डिस्प्लेवर मीटिंगा घेतो.

गिऱ्हाईक कधी येतं हेही जत्रेचं वेगळंच असतं. 2014 ला बैलगाडा शर्यती बंद झाल्या होत्या, 2021 च्या शेवटी कोर्टाने अटींवर परवानगी दिली आणि 2023 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने शर्यतींचा राज्याचा कायदा ग्राह्य धरला, तेव्हापासून घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, जी गर्दी असते ती विचारू नका. स्पीकरवरून भिर्रर्र सुरू झालं की बाजारात चिटपाखरू नसतं, जिलेबीवालासुद्धा पंखा लावून बसून राहतो. शर्यतींबद्दल माझी मतं वेगळी आहेत, ती आज नको, घरात शांतता हवीये. पण बाऱ्या, म्हणजे गाड्यांच्या फेऱ्या, संपल्या की पोरं एकदम लोंढ्याने येतात, आणि दुसऱ्या दिवशी आखाड्यानंतर तर विचारूच नका. आखाडा छोट्या पोरांपासून सुरू होतो, रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग दहा-वीस-पन्नास रुपयांच्या. कानात, केसात लाल माती असलेलं एक पोर, लंगोटावर नुसती पँट चढवलेली, मुठीत पन्नासची नोट, आलं आणि बिबट्याचं पुस्तक मागितलं. मागून वडील. ते म्हणाले, शाळेची पुस्तकं उघडत नाही आन् हे कशाला. पोरगं वर न बघता म्हणालं, माझं पैसं हायेत, कुस्तीचं. आणि वडील गप्प! कारण ते पैसे खरंच त्याचे होते, सगळ्या गावासमोर मिळवलेले. मी वीस रुपये परत दिले, ते त्याने मोजून घेतले, मग म्हणाला, रेवड्यांचं दुकान कुठंय.

हे फर्ग्युसनच्या ग्राउंडवर घडू शकत नाही. तिथल्या मुलांना पुस्तकं जास्त मिळतात हे खरं, पण माझे पैसे आहेत असं त्यांना म्हणता येत नाही.

आता उगाच गोड गोड नको. टिकल्यांचं पिस्तूल माझ्या पुस्तकांच्या कितीतरी पट जास्त खपतं. पुष्कळ पोरं उभ्याउभ्या सोळा पानं संपवतात, पुस्तक परत चिमट्याला लावतात आणि निघून जातात, आणि मी काही बोलत नाही, सोलापूरच्या काकांना हे बघवत नव्हतं. त्यातली काही थोड्या वेळाने भावाला घेऊन येतात. वळवाचा पाऊस आला की ताडपत्री धरून बसायचं. क्यूआर कोड लावलाय पण जत्रेत नेटवर्क गचकतं, आणि तसंही माझ्या गिऱ्हाईकाकडे फोन कुठे असतो.

एक गोष्ट मात्र माझ्या गल्ल्यापुरती सांगते, सगळीकडचं माहीत नाही. मुलींच्या हातात जत्रेचे पैसे कमी असतात. मामा भाच्याला शंभर देतो आणि भाचीला पन्नास, का तर तिला काय लागतंय. आणि पुस्तकं मुलीच जास्त घेतात. एकजण सारखी येऊन बघून जात होती, शेवटी मोठ्याने हिशोब करायला लागली, गोळा दहाचा, बांगड्या वीसच्या, उरले वीस. तीसचं वीसला द्या की. मी म्हटलं वीसचं छोटं घे. ती म्हणाली, छोट्याची गोष्ट वाचून झाली, मगाशीच. बरोबर आहे, मी काय बोलणार. दिलं वीसला. हिने घासाघीस करून दिला तेवढा मान मला आजवर कुठल्याच परीक्षणाने दिलेला नाही.

आणि या पोरांसमोर बसल्यावर आपल्या बालसाहित्यात गाव कसं येतं ते फार डोळ्यात खुपतं. गाव म्हणजे सुट्टीत जायची जागा. आजोळ, विहीर, आंबे, बैलगाडी, आणि शहरातला मुलगा पाहुणा. गावातलं पोर गोष्टीत असतं ते या पाहुण्याला विहीर दाखवायला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, इतका लाडका हिरो, पण तोही शाळेसाठी पुण्याला आलेला. त्याच्याबद्दल तक्रार नाही, मी त्याच्यावरच वाढले. पण तिथून पुढे आम्ही फार लांब गेलो असंही नाही. माझ्या बिबट्याच्या पुस्तकावर दोन पोरांचं भांडण लागलं होतं, माझ्याकडे बघतही नव्हते. चित्रात बिबट्या डोंगरावर बसलाय. एक म्हणत होता बिबट्या डोंगरात नसतोय, आमच्या उसात असतो, ऊस तोडताना पिल्लं सापडली होती. दुसरा म्हणत होता उसातनं हाकलला की जातो डोंगरात. खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात बिबट्या हा शाळेच्या वाटेवरचा विषय आहे, अंधार पडायच्या आत घरी या म्हणून ओरडा बसतो तो त्याच्यामुळे. या पोरांना जंगलाचा राजा वगैरे सांगायला जाणारी मी कोण? पण त्यांनी चित्रावरून भांडावं एवढं ते चित्र त्यांना आपलं वाटलं, आणि पुढचं पुस्तक उसातलंच असणार आहे, त्या दोघांच्या भांडणासकट.

फुकट वाट, हा सल्ला सगळ्यात जास्त मिळतो, आणि तो देणारे मनाने चांगलेच असतात, म्हणून जरा चिडूनच लिहिते. फुकट वाटलेली पुस्तकं पुष्कळ शाळांत कपाटात असतात, शिक्का मारलेली, रजिस्टरला चढवलेली, कुलपात. फाटलं, हरवलं तर उत्तर गुरुजींना द्यायचं असतं, मग ते तरी का काढतील बाहेर. अपवाद आहेत, मला स्वतःला असे शिक्षक माहीत आहेत जे पुस्तकं फाटेपर्यंत वाचू देतात. पण फुकट वाटताना फोटो निघतो तो देणाऱ्याचा, आणि पुस्तक कुठलं द्यायचं ते पुन्हा मोठ्यांनीच ठरवलेलं. बिनकामाचं, कोणाला काहीही न शिकवणारं, रुसलेल्या म्हशीचं पुस्तक स्वतः निवडायचा हक्क त्यात नाही. तो वीस रुपयांत मिळतो. ज्याला खरंच दान करायचंय त्याने माझ्या प्लेटांचा खर्च द्यावा, मी किंमत पंधरावर आणते.

सासूबाई अजूनही त्या गल्लीतून जात नाहीत. पाव्हण्यांच्या समोर सून फळी टाकून बसते, पुस्तकं घ्या पुस्तकं म्हणून ओरडते, त्यांना लाज वाटते आणि ती मला समजते, मी काही त्यांना पटवायला जात नाही. पुण्यातल्या मैत्रिणी ज्या म्हणतात हाऊ क्यूट, त्यांचा मला जास्त राग येतो. डिसेंबरात पुण्यातल्या भीमथडी जत्रेला जाऊन पिठलं-भाकरी खाण्यासारखं क्यूट नाहीये हे, उन्हात बसून घसा बसतो.

लिहिणाऱ्यांना एवढंच म्हणते, एकदा येऊन बसा, प्रकाशनाच्या कार्यक्रमाचा खर्च वाचवा आणि तेवढ्यात एक स्वस्त आवृत्ती काढा. दोरी आणि चिमटे माझ्याकडे आहेत. आणि पुणे जिल्ह्यात कोणाच्या गावची जत्रा असेल तर मला आत्ताच कळवून ठेवा, पण चैत्र वद्य अमुक असं नको, कॅलेंडरची तारीख सांगा, कारण अर्ध्या गावांच्या जत्रा एकाच अष्टमीला येतात आणि मी एकटी आहे.