बर्गरवर नको, साखरेच्या ग्रॅमवर कर लावा

फास्ट फूडवर दणकून कर लावा, लोक आपोआप बारीक होतील, असं म्हणणाऱ्यांनी आधी केरळचं काय झालं ते आठवावं. जुलै २०१६ मध्ये तिथले अर्थमंत्री थॉमस आयझॅक यांनी बर्गर, पिझ्झा, डोनट वगैरेंवर १४.५ टक्के 'फॅट टॅक्स' लावला. पण कुठल्या बर्गरवर? ब्रँडेड रेस्टॉरंटमधल्या. हॉटेलातला तेलकट परोटा आणि केळ्याचे वेफर्स मोकळे. म्हणजे कर चरबीवर नव्हता, दुकानाच्या पाटीवर होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि प्रकरण संपलं. तेवढ्यात कुणाचा पट्टा एक भोक आत गेला असेल असं मला वाटत नाही.

डेन्मार्कने २०११ मध्ये संपृक्त चरबीवर (लोणी, चीज, मांस यांतल्या) कर लावला, तर लोक खरेदीला जर्मनीत जाऊ लागले. सव्वा वर्षात गुंडाळला.

तरीही मी कराच्या बाजूने आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे निघाले. हे सगळे काही पिझ्झा खाऊन सुटलेले नाहीत.

ब्रिटनने काय केलं बघा. थंड पेयांवरचा कर २०१६ मध्ये जाहीर केला, लागू केला एप्रिल २०१८ मध्ये. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर शून्य. ५ ते ८ ग्रॅमला सुरुवातीला लिटरमागे १८ पेन्स, ८ आणि त्याच्या वर २४ पेन्स. मधल्या दोन वर्षांत बऱ्याच कंपन्यांनी गुपचूप साखर कमी करून टाकली. गिऱ्हाइकाला ना उपदेश, ना शिक्षा. बाटली तीच, साखर कमी. (स्कॉटलंडमध्ये काही जणांनी आवडत्या पेयाच्या जुन्या, गोडमिट्ट बाटल्यांचा साठा करून ठेवला. शौकीन सगळीकडे सारखेच.)

आणि आपल्याकडे? सप्टेंबर २०२५ पासून गोड सोडायुक्त पेयांवर सरसकट ४० टक्के जीएसटी. साखर दहा ग्रॅम असो, दोन ग्रॅम असो की शून्य साखरेचं 'डाएट' असो, दर तोच! मग कंपनीने साखर कमी का करावी? त्याच वेळी बिस्किटं आणि चॉकलेट १८ वरून ५ टक्क्यांवर आली, पाकीटबंद फरसाण १२ वरून ५ वर.

पाच रुपयांच्या पुड्याची तर आणखी गंमत. किंमत पाचच ठेवायची असते, त्यामुळे कर वाढला की पुड्यातलं वजन घटतं आणि कर उतरला की वाढतं. या कपातीनंतरही कंपन्यांनी हेच सांगितलं, छोट्या पुड्यात जास्त माल देऊ. महागाईची चिंता समजते, पण त्याच पैशात पोराच्या हातात जास्त बिस्किटं देणं हा कुणाच्या आरोग्याचा विचार?

गरिबांवर बोजा पडेल, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून कराचा पैसा वेगळा काढा आणि शाळेत अंडी द्या. आपल्या राज्याने जानेवारी २०२५ मध्ये शालेय पोषण आहारातल्या अंड्याचा निधी बंद केला आणि हवं तर लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. अंड्यासाठी वर्गणी आणि बिस्किटाला सवलत, असा एकूण हिशेब आहे.

आता 'वडापावचं काय?' हे कमेंटमध्ये येणारच, म्हणून इथेच सांगते. बहुतेक गाड्या जीएसटी नोंदणीच्या मर्यादेतच येत नाहीत, त्यांच्यावर कर लावून वसूल कोण करणार? तिथे प्रश्न तळणीच्या तेलाचा आहे. तेच तेल पुन्हापुन्हा तापवून खराब झालं की वापरायचं नाही, हा नियम २०१८ पासून आहे. अन्न व औषध प्रशासनाने गाडीवर येऊन ते तेल तपासावं. त्याला नवा कर लागत नाही, इन्स्पेक्टर लागतो.