दाखला गोडीगुलाबीनं कसा द्यावा

प्राचार्य सर, बारावीतली एखादी लग्न झालेली पोरगी पदर-ओढणी सावरून शेवटच्या बाकावर बसायला लागली, की घाबरून जाऊ नका. गरोदर मुलीला कॉलेजातून काढा, असं सांगणारा नियम कुठंच नाही. पण हे तुम्हाला ठाऊक आहे, तिच्या सासऱ्याला नाही. तेवढं भांडवल पुरतं.

लेखी मात्र काही द्यायचं नाही. सासऱ्याला चहा पाजा. "वर्ग तिसऱ्या मजल्यावर. पोरीचा पाय घसरला तर जबाबदारी कुणाची, दादा?" एवढं बोलून गप्प बसा. वर्ग खाली आणता येतो हे त्याला सुचत नाही. मग हळूच सतरा नंबर फॉर्मचा विषय काढा. बाहेरून परीक्षा, हजेरीची कटकट नाही! त्या फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणजे दाखला मागायला तेच येतील. कारणाच्या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' आणि वर्तणूक 'चांगली'. इथं हात आखडता घेऊ नका.

ती हजेरीत सूट मागायला आली तर ७५ टक्क्यांचा नियम वाचून दाखवा. कुस्तीच्या स्पर्धेला गेलेल्या पैलवानाची हजेरी आपण कशी भरतो, हा विषय वेगळा; तो साताऱ्याचं नाव काढतो. आपल्याच स्टाफरूममधल्या मॅडमना १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते, पण त्यांचं वय झालंय, अक्कल आहे. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१६ मध्ये एम.फिल., पीएच.डी. करणाऱ्या बायकांना २४० दिवस दिले. तेव्हा पोरीनं आधी पीएच.डी.ला प्रवेश घ्यावा, मग पाळण्याचं बघावं. पदवीच्या मुलींसाठीही नियम करा, असं पत्र यूजीसीनं २०२१ मध्ये पाठवलं होतं, पण ते विद्यापीठांना. तुम्हाला कुठं आलं?

बाळंत होऊन परत आलीच, तर बाळाला पाजायला जागा मागेल. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, असं सांगा. तास बुडेल, पण सोय सरकारी आहे. (बाळाचा बाप शेजारच्या तुकडीत असला तर त्याला काहीच विचारू नका. पोराचं वर्ष वाया जायला नको.)

३ जानेवारीला मात्र जपा. नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळं सावित्रीबाईंवर तुम्हाला दणकून बोलावं लागणार. १८४८ची मुलींची शाळा, शेण, दगड, सगळं घ्या आणि तिथंच थांबा. फुले दांपत्यानं १८६३ मध्ये गरोदर विधवांसाठी घराचं दार उघडलं होतं, तिथवर गेलात तर एखादी मुलगी हात वर करील. आणि त्या दिवशी नेमके शिक्षणाधिकारी पाहुणे असतात.