निकाल 86 टक्के, म्हणून शाळा बंद करायची?

दहावीचा निकाल लागला की हा मेसेज फिरतो : 'खासगी शाळा 100 टक्के, जिल्हा परिषदेची 86 टक्के. तिथे शिकवतच नाहीत, असल्या शाळा बंद करा.'

86 टक्के म्हणजे मुलं किती? वर्गात 14 असतील तर दोघं नापास झाली की निकाल 85.71. एकेक मूल 7.14 टक्क्यांचं. 140 मुलं बसवणाऱ्या शाळेत तेच मूल 0.71 टक्के. तुलना करायचीच, तर छोट्या शाळेचे निदान चार वर्षांचे निकाल एकत्र धरा.

आता ते '100 टक्के'. गेल्या वर्षी नववीच्या पटावर किती होते आणि दहावीचा फॉर्म किती जणांनी भरला, हे आधी विचारा. मुलांना खरी चाळणी लागते ती नववीत. कच्चं मूल तिथेच ठेवायचं, नाहीतर दाखला हातात देऊन बाहेरून 17 नंबर, म्हणजे शाळेत न जाता परीक्षेला बसायचा फॉर्म, भरायला सांगायचं. मग ते नापास झालं तरी शाळेचा निकाल स्वच्छ!

तोंडी-अंतर्गत 20 गुणांचा हातभार तर सगळीकडेच असतो, छोट्या शाळांतही. 2018 ला राज्याचा निकाल 89.41 टक्के होता. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे गुण काढल्यावर 2019 ला 77.10, परत दिल्यावर 2020 ला 95.30. दोन वर्षांत शिक्षक काही एवढे बिघडून सुधारले नव्हते.

'शिकवत नाहीत' हे कुठे कुठे खरंही असेल. पण बीजगणिताची उत्तरपत्रिका उघडून बघा. दोन चलांतील समीकरणं, रीत बरोबर, समीकरणं एकाखाली एक मांडलेली. वजाबाकी करताना 3 मधून वजा 2 काढायचे, उत्तर 5. मूल खालचं चिन्ह बदलायला विसरतं आणि 1 लिहितं; पुढचं सगळं चुकतं. हा पूर्णांकांचा धडा सहावीचा. तो जूनमध्ये, दहावीचा पहिला धडा सुरू करण्याआधी, आठवडाभर घोटून घ्यावा लागतो. छोट्या शाळेत गणित-विज्ञानाला एकच माणूस. ते पद रिकामं पडलं की भाषेचे सर बीजगणित घेतात. पदं पटावर मंजूर होतात, त्यामुळे पट घसरला की ही अडचण वाढतच जाते.

आणि नापास झालेले ते दोघं? एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा जून-जुलैत, म्हणजे फॉर्म निकालानंतर लगेच भरायचा असतो.