आडवी बाटली आणि बेल्जियमचा ग्लास

मागच्या महिन्यात आमच्या बेल्जियममधल्या लुवन शहरातल्या मराठी ग्रुपने बिअर टूर काढली, दोन दिवस, चौदा माणसं, म्हणजे पाच जोडपी, एकीचे सासू-सासरे आणि नुकतीच इथे जॉबला लागलेली दोन पोरं. प्यायल्यावर स्टिअरिंगला हात लावायचा नाही हे आधीच ठरलेलं, म्हणून ड्रायव्हरसकट मिनीबस केली.

पहिला स्टॉप ब्रसेल्सची कांतियाँ, 1900 सालची ब्रुअरी. इथे बिअरला यीस्ट घालतच नाहीत. थंडीच्या दिवसात धान्याचं उकळलेलं पाणी माळ्यावरच्या तांब्याच्या पसरट कढईत रात्रभर उघडं ठेवतात, हवेतलं जे काय त्यात पडेल त्यानेच ते आंबतं, आणि मग लाकडी पिंपात एक ते तीन वर्षं, हीच लाम्बिक. कोळ्यांची जाळीसुद्धा काढत नाहीत, कारण कोळी किडे खातात. एक, दोन आणि तीन वर्षांची लाम्बिक एकत्र करून गझ करतात, ती चाखल्यावर मालवणचे काका लगेच म्हणाले, अगं ही तर आपल्या माडीची बहीण. खरंच आहे की, माडीलाही कोणी विरजण लावत नाही, फक्त ती काही तासांत आंबते आणि हिला वर्षं लागतात.

दुसऱ्या दिवशी पोपरिंगेकडे, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या वेलींचे उंचच्या उंच मांडव बघत वेस्टफ्लेटरनला. तिथल्या ख्रिस्ती मठातले साधू स्वतःचा खर्च आणि दानधर्म भागेल एवढीच बिअर करतात, जगभर मागणी असून वाढवत नाहीत. क्रेट हवा तर आधी नंबर लावायचा. समोरच्या कॅफेत मात्र ग्लास मिळतो, पिवळ्या बुचाची 12 नंबरची, 10.2 टक्क्यांची, एक ग्लास आम्हाला तासभर पुरला. शेजारच्या टेबलावर एक आजी, तिची मुलगी, सायकलवरून आलेला जावई आणि नातवंडं, आजीसमोर बिअर, नातवंडांसमोर आइस्क्रीम. संध्याकाळी ब्रुज, तिथे 2016 पासून एका ब्रुअरीची बिअर जमिनीखालच्या तीनेक किलोमीटरच्या पाइपमधून जाते, जुन्या गल्ल्यांत टँकर नकोत म्हणून.

परतताना बसमध्ये एक जण म्हणाला, आपल्याकडे दारूबंदी मागणाऱ्या बायकांना एकदा इथे आणून दाखवलं पाहिजे, कल्चर काय असतं ते. बरेच जण हो हो म्हणाले. युनेस्कोने 2016 मध्ये बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला वारसा मानलं हेही कोणीतरी ऐकवलं. मला ते कल्चरचं बोलणं फार लागलं, कारण माझं माहेर वरोऱ्याचं, चंद्रपूर जिल्हा.

2010 साली आमच्याच जिल्ह्यातल्या चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर बायका दारूबंदी मागायला चालत गेल्या, त्यांना कल्चर माहीत नव्हतं म्हणून नाही गेल्या. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा पगार त्यांचा नवरा आमच्या फाटकाशी उभा राहून घ्यायचा, हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. 2015 ला जिल्ह्यात बंदी झाली, चोरून दारू येतच राहिली, 2021 ला अवैध विक्रीचंच कारण देऊन सरकारने बंदी उठवली. बंदीने दारू गेली नाही हे मला मान्य आहे, पण म्हणून मागणी चूक होती असं मी कधीच म्हणणार नाही.

बेल्जियमहून घ्यायचं काही असेल तर ते त्या आजीचं टेबल. आपल्याकडे 'बसायचं का' म्हटलं की बायका त्यात धरलेल्याच नसतात. पुरुष बसतात, काळ्या पिशवीतून आणतात, घाईत संपवतात, आणि बाईच्या वाट्याला चकणा तळणं नाहीतर रात्री दार उघडणं. पैसा तिचा, मार तिला, ग्लास मात्र कधीच तिचा नाही. मग गावातलं दारूचं दुकान ठेवायचं की नाही याची मतपत्रिका तिच्या हातात आली की ती बाटली आडवी करते, म्हणजे आडव्या बाटलीच्या, बंदीच्या चिन्हाला मत देते, दुसरं करणार काय? महाराष्ट्रात सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय 2022 मध्ये झाला तेव्हाही शेतकऱ्याचा फायदा की तरुणांचं नुकसान एवढंच भांडण, घरातल्या बाईला कोणी विचारलं नाही.

इथलं सगळंच चांगलं असंही नाही. 16 व्या वर्षी बिअर मिळते हे मला अजिबात पटत नाही, माझा मुलगा 14 चा आहे. आणि इथली बाई आजीसारखी निवांत बसते ती बिअर चांगली म्हणून नाही, तिचं स्वतःचं बँक खातं आहे, नवऱ्याने हात उचलला तर पोलीस येतील असा तिला भरवसा आहे, रात्रीच्या शेवटच्या बसने ती एकटी घरी जाते.

बसमध्ये मी एवढंच बोलले की त्या बायकांना इथे आणण्याआधी आपण त्यांच्या मतदानाचा एक साधा नियम सरकारला बदलायला लावू. दुकान बंद करायचं तर गावातल्या यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्तींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं, आलेल्यांपैकी नाही, एकूण. जी कामाला पुण्याला गेली, जी वारली पण नाव यादीत राहिलं, त्या सगळ्या आपोआप दुकानाच्या बाजूने मोजल्या जातात. आमदार असा मोजून निवडत नाहीत, मग दुकानच का? जितक्या बायका आल्या तितक्यातलं बहुमत धरा.